सत्तावीस नंबरची बाटली

१

चेल्लम्मा सोमवारी गेली, आणि गुरुवारी कळलं की जे औषध तिला कधी दिलंच नव्हतं, त्याच औषधाने ती गेली.

ही बातमी भार्गवी टीचरांना सांगितली ती डॉ. ईपन तरकन यांनी. कोल्लमच्या त्या छोट्या संशोधन संस्थेत काजूच्या कारखान्यातल्या साठ बायकांवर तीन महिने एक चाचणी चालू होती आणि तरकन तिचे प्रमुख होते. जन्मभर उकिडवं बसून काजू सोलायचे म्हणजे पन्नाशीच्या आत गुडघ्यांचं वाटोळं होतं. गाऊटच्या दुखण्यावर वर्षानुवर्षं दिली जाणारी एक जुनी, स्वस्त गोळी या गुडघ्यांनाही लागू पडते का, हे बघायचं होतं. तीस बायकांना खरी गोळी आणि तीस जणींना हुबेहूब तशीच दिसणारी पिठाची गोळी. वर सगळ्यांच्या गुडघ्यांना अच्युतन वैद्यरांचं तेल.

"चेल्लम्माचा नंबर सत्तावीस. सत्तावीस म्हणजे पीठ," तरकन म्हणाले. "पण रक्तात खरं औषध सापडलं, आणि तेही बेसुमार. मग तिची बाटली तपासली. नऊ गोळ्या उरल्या होत्या. पाच खऱ्या, चार पिठाच्या. बाटल्या कोण भरतं? आपली फार्मासिस्ट, शिजी. आता यात रहस्य ते काय राहिलं, टीचर?"

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तुम्ही समितीवर आहात. सोमवारी बैठक आहे. ठराव झाला की कागद पोलिसांकडे जातील. शिजीला परत कुठे औषधाच्या कपाटाला हात लावता येणार नाही."

अशा प्रत्येक चाचणीवर नजर ठेवायला एक समिती असते आणि तिच्यात एक तरी माणूस डॉक्टर नसलेला, साधा, घेणं ना देणं असा असावा लागतो. या संस्थेत तो माणूस म्हणजे भार्गवी टीचर. चाळीस वर्षं शाळेत मल्याळम शिकवून निवृत्त झालेल्या. बैठकीत त्यांना चहा मिळे, मान मिळे, पण विचारत कोणी नसे. एकदाच त्यांचा उपयोग झाला होता. बायकांच्या सहीसाठी डॉक्टरांनी जो दोन पानी संमतीचा कागद लिहिला होता, तो वाचून टीचर भडकल्या होत्या. "हे मला कळत नाही, तर काजूवालीला काय कळणार?" म्हणत त्यांनी लाल शाई हातात घेतली. जडजंबाल शब्द गेले, बायकांना उगाच चोर ठरवणाऱ्या ओळी गेल्या, आणि दोन पानांचं एक पान झालं. त्यातलं एक वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं होतं: "तुमच्यातल्या निम्म्या जणींना खरं औषध मिळेल, निम्म्या जणींना पिठाची गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसेल." तो कागद त्यांनी स्वतः कारखान्यात जाऊन मोठ्याने वाचून दाखवला होता. पहिल्या रांगेत बसून चेल्लम्माने मान हलवली होती, हे त्यांना आज आठवलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको व्हायला," टीचर उठत म्हणाल्या. "सोमवारपर्यंत मला बघू द्या."

२

शिजी औषधांच्या खोलीत स्टुलावर बसून होती. तिशीची पोर, डोळे रडून सुजलेले, पण बोलणं सरळ.

"बाटल्या मी भरल्या, टीचर. दोन वेगळ्या दिवशी. एक दिवस नुसतं पीठ, टेबल धुऊन दुसऱ्या दिवशी नुसत्या खऱ्या. चुकायला वावच नव्हता. पण हे कोण ऐकतं?"

"मी ऐकतेय ना. पुढे सांग."

"चेल्लम्माचेची मला थोरल्या बहिणीसारखी. तिला न्यूमोनिया झाला. इस्पितळातनं डॉ. रसियांचा फोन आला. त्यांना जंतूंवरचं एक औषध सुरू करायचं होतं. नेहमीचंच आहे, कुठल्याही दुकानात मिळतं. पण आमच्या गोळीशी त्याचं वैर आहे. ते पोटात असलं की आमची गोळी शरीराबाहेर पडतच नाही. साठत जाते आणि तिचं विष होतं. म्हणून त्यांनी विचारलं, हिला खरी गोळी चालू आहे का? तरकनसरांच्या परवानगीने मी तिच्या नंबरचं सीलबंद पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं, पीठ." शिजीने पदराने तोंड पुसलं. "मी म्हटलं, 'पीठच आहे डॉक्टर, बेलाशक द्या. आमची गोळीही चालू राहिली तरी बिघडत नाही.' हे मी म्हटलं, टीचर. याच तोंडाने."

टीचरांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आधी काम. "बाटली दाखव."

प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाटली आली. प्रयोगशाळेने प्रत्येक गोळीची फक्त कड खरवडली होती, त्यामुळे नऊच्या नऊ गोळ्या होत्या. टीचरांनी त्या पांढऱ्या कागदावर ओतल्या आणि चष्मा वर सरकवला. जवळजवळ सगळ्यांवर बारीक काळपट डाग होते. गोळ्यांबरोबर एक लालसर, पातळ, सुकी टरफलासारखी कपचीही पडली.

"हे काय गं?"

"माहीत नाही. भरताना नव्हतं. मी हातमोजे घालते, टीचर."

"चेल्लम्मा रोज एक एक गोळी काढायची. मग तळाच्या गोळ्यांना हात कोणाचे लागले?"

शिजी कागदावर वाकून डाग बघू लागली.

"अजून एक. ज्या गोळ्या उरतात त्या दर आठवड्याला तुम्ही मोजता ना? किती जणी विसरल्या आत्तापर्यंत?"

शिजीने वही काढली. "हे मात्र नवल आहे. एकही नाही. साठ बायका, तीन महिने, एक गोळी इकडची तिकडे नाही. तरकनसर तर म्हणायचे, अशा शिस्तीच्या बायका जगात नाहीत."

टीचर पहिल्यांदा हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"मोळे, माझ्या पोरी, अख्ख्या वर्गाचं गणित एकदम बरोबर आलं ना, की मी वह्या बघत नाही. कोण कोणाच्या शेजारी बसलंय ते बघते."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी टीचर अच्युतन वैद्यरांच्या अंगणात पोचल्या, तेव्हा त्यांच्या आधी संशय तिथे पोचलेला होता. कुंपणावर मेंतोन्नी फुलली होती, आपली कळलावी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची. गाऊटची ती गोळी ज्या द्रव्याची होते, ते याच वेलीत असतं आणि तिच्या कंदाने माणूस मरतो, हे त्या भागात पोराटोरांना ठाऊक आहे.

"या, तुम्हीही या!" वैद्यर गरजले. "सकाळपासून तीन जणांनी कुंपण बघून घेतलं. चौथ्या तुम्ही. तिकीट लावू का?"

"वैद्यरे, तेलात ही घालता का?"

"घालतो! शुद्ध करून, कुटून, उकळून घालतो आणि गुडघ्याला लावतो. गुडघ्याने कोणी गिळतं का हो? आणि तेल साठ जणींना एकाच भांड्यातलं. मग एकटी चेल्लम्माच कशी गेली?"

हे बिनतोड होतं. टीचर पायरीवर टेकल्या. वैद्यरांनी जिऱ्याचं कोमट पाणी पुढे ठेवलं आणि आवाज खाली आणला. "वाईट झालं. फार वाईट झालं. ती माझ्याकडे हसत यायची. म्हणायची, वैद्यरे, आता मी बसले की उठता येतं."

"म्हणजे तिचे गुडघे सुधारले होते?"

"सगळ्यांचेच! तरकन डोकं धरून बसलाय. चेल्लम्मा गेल्यावर सगळी पाकिटं उघडली, तर खरी गोळीवाल्या जितक्या बऱ्या, तितक्याच पीठवाल्या बऱ्या. मी म्हटलं, अरे ईपना, माझं तेल आहे ते, ते पीठ बघत नाही नि गोळी बघत नाही." वैद्यरांनी मिशीवरून हात फिरवला. "एवढंच की बायकांची पोटं जरा ढिली झाली होती. पंचवीस-तीस जणी येऊन गेल्या असतील, सुंठ घेऊन गेल्या. ही बघा नावं."

गोळीने पोट सुटतं, हे टीचरांनी समितीत ऐकलं होतं. पण पिठाने सुटत नाही. त्यांनी ती नावं उतरवून घेतली आणि दुपारी तरकनांच्या यादीशी ताडून पाहिली. पोट बिघडलेल्या अठ्ठावीस जणी. त्यांतल्या तेरा खरी गोळीवाल्या. पंधरा पीठवाल्या.

एका बाटलीत चूक झाली असती, तर एक पोट बिघडलं असतं. इथे पीठ खाणाऱ्या निम्म्या बायकांना औषधाचा गुण येत होता आणि अवगुणही. शिजीने काय साठच्या साठ बाटल्या चुकवल्या? पीठवाल्यांची पुढच्या महिन्याची सीलबंद बाटली, नंबर सत्तावीसच, टीचरांनी तपासायला लावली. आत निव्वळ पीठ निघालं.

"एक बाटली बरोबर निघाली म्हणजे दुसरी चुकली नसेल असं नाही," तरकन चिवटपणे म्हणाले. "मला पुरावा द्या, टीचर. माझ्यावरही वर बसलेले आहेत."

४

शनिवारी टीचर इस्पितळात गेल्या. डॉ. रसियांनी एवढंच सांगितलं की फोन करूनच औषध दिलं, आणि ते खरंच होतं. वॉर्डातली वयस्क परिचारिका मात्र जास्त बोलली.

"गोळी द्यायला आम्हाला आठवण करावी लागली नाही. त्यांची मैत्रीण यायची ना, रायचेल. सकाळ-संध्याकाळ भाताची कंजी घेऊन यायची, पेज भरवायची आणि सकाळी वर स्वतःच्या हाताने गोळी. हात असे काळेकुट्ट, मी म्हणायची, आधी धू. तर म्हणायची, सिस्टर, हे मेल्यावरच निघेल."

काळे हात! टीचरांना बाटलीतल्या गोळ्यांवरचे डाग आठवले. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना कवचातलं तेल लागतं, ते कातडी जाळतं आणि बोटं कायमची काळी होतात. पण चेल्लम्मा फोडणीच्या विभागात नव्हती. ती भाजलेल्या गरावरची लालसर साल काढणारी, तिची बोटं स्वच्छ. कागदावर अंगठा न लावता सही करताना टीचरांनी ती पाहिली होती. म्हणजे बाटलीतल्या गोळ्यांवरचे डाग तिचे नव्हतेच. ती लाल कपची काजूची साल होती आणि डाग काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटांचे होते. त्या बाईने बाटलीतल्या सगळ्या गोळ्या हाताळल्या होत्या.

रायचेलने? जिने रोज कंजी भरवली तिने?

टीचर तडक कारखान्यात गेल्या. शेड सुटायची वेळ होती. टोपल्या वजनाला लागत होत्या. एक म्हातारी, हात थरथरणारी, तिची टोपली अर्धीच होती. टीचर बघत होत्या. वजनाच्या काट्याकडे जाणाऱ्या प्रत्येक बाईने तिच्याजवळ क्षणभर थांबून आपल्या टोपलीतली एक मूठ तिच्या टोपलीत टाकली.  काट्याशी पोचेपर्यंत म्हातारीची टोपली बाकीच्यांच्या इतकीच झाली होती.

"हे काय चाललंय?" त्यांनी शेजारणीला विचारलं.

"मूठ टाकतोय, टीचर. आमच्या शेडमध्ये कोणाची टोपली कमी भरत नाही," ती सहज म्हणाली. "चेल्लम्माचेचीची तर आम्ही दोन वर्षं भरली."

टीचर सालींच्या ढिगाशेजारी बसल्या आणि त्यांनी रायचेलला निरोप धाडला, रविवारी घरी ये. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

५

रायचेल पन्नाशीची, उंच, शेडची पुढारी. रविवारी चर्चमधून आली ती थेट टीचरांकडे, बोलावल्याप्रमाणे. टीचरांनी कप्पा आणि मीनकरी, उकडलेला कंद नि माशाचं कालवण, तिच्यापुढे ठेवलं, पण तिने ताटलीला हात लावला नाही.

"रायचेल, तुम्ही सगळ्याजणी गोळ्या मिसळत होतात ना?"

ती दचकली नाही, उलट तिची मान ताठ झाली. "हो. नव्या बाटल्या मिळाल्या की जेवणाच्या सुट्टीत सुपात ओतायचो. मी कालवायची आणि मोजून प्रत्येकीच्या बाटलीत परत भरायची. कोणाच्या विसरलेल्या राहिल्या तर चुलीत, म्हणजे मोजणीत कोणी उणी दिसायला नको. चोरी नाही केली, टीचर. वाटणी केली."

"पण का?"

"तुम्हीच तर वाचून दाखवलंत! निम्म्या जणींना औषध, निम्म्या जणींना पीठ. आमच्यातल्या तीस जणींनी बऱ्या व्हायचं आणि तीस जणींनी बघत बसायचं? आम्ही काय अशा जेवतो? अर्धं औषध तर अर्धं, पण सगळ्यांना."

 साठ बायकांच्या एवढ्या समजूतदार गणितात चूक काय दाखवायची? बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचे ठोके ऐकू येत होते.

"रायचेल, नीट ऐक. डॉक्टरांनी तिला दुसरं औषध देण्याआधी विचारलं होतं. पाकिटात लिहिलं होतं, हिला पीठ आहे. म्हणून त्यांनी दिलं. खरी गोळी आहे असं कळलं असतं, तर त्यांनी दिलं नसतं. ती दोन औषधं एकत्र आली की..."

पुढचं सांगावं लागलं नाही. रायचेलने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि बोटांकडे बघत राहिली.

"मी भरवली," ती म्हणाली. "तिला नको होती. म्हणायची, पोट दुखतंय गं. मी म्हटलं, घे, तुझ्यामुळे मोजणी चुकायला नको."

मग ती रडली. टीचरही रडल्या. दोघींच्या मध्ये ताटली तशीच गार झाली.

ताटली बाजूला सारून टीचर म्हणाल्या, "उद्या शिजीची नोकरी जाणार आहे. कदाचित पोलीसही येतील. तिने काही केलेलं नाही. पण हे मी सांगितलं तर तुमचं नाव येईल, आणि गावाची जीभ कशी असते ते तुला ठाऊक आहे."

रायचेलने चट्ट्यापट्ट्यांच्या रुमालाने डोळे पुसले. "त्या पोरीची टोपली कमी भरलीय," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला विचारता?"

६

सोमवारच्या बैठकीत रायचेल एकटी आली नाही. तिच्यामागे एकोणीस बायका होत्या. खुर्च्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्या जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरल्याशिवाय सहज बसल्या, हे तरकनांच्याही लक्षात आलं.

रायचेलने सगळं सांगितलं. सूपही आणलं होतं. सुपाच्या कडेला पिठासारखी पांढरी भुकटी आणि लाल साल चिकटलेली होती. तरकनांनी सूप हातात घेऊन पाहिलं. मग शिजीकडे वळून म्हणाले, "मला माफ कर." शिजीने मान हलवली, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

"ठराव मागे," तरकन म्हणाले. "हा निव्वळ अपघात. कोणाचीच चूक नाही."

"आहे," भार्गवी टीचर म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून दोन पानी कागद काढला. डॉक्टरांनी लिहिलेला पहिला मसुदा, त्यांच्या लाल शाईने भरलेला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक ओळ आडवी खोडलेली होती. त्यांनी ती वाचली. "आपली गोळी दुसरीला देऊ नये, दुसरीची आपण घेऊ नये." बाजूला त्यांच्याच वळणदार अक्षरात शेरा होता: या बायका चोर नाहीत.

"टीचर, याची काय गरज?" तरकन हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही चांगल्या हेतूने खोडलंत."

"शिजीने चांगल्या हेतूने चूक केली असती, तर तुम्ही तिला सोडलं असतं? मी यांना औषध कसं वाटलं जातं ते समजावलं. वाटू नका, हे सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी काढलं. मला त्यात अपमान दिसला. त्यात त्यांचा जीव होता, तो दिसला नाही." त्यांनी कागद सगळ्यांपुढे धरला. "हे इतिवृत्तात लिहून घ्या."

 मग जमिनीवरून रायचेलने विचारलं, "टीचर, तिच्या पोटात ज्या खऱ्या गोळ्या गेल्या, त्या कोणाच्या वाट्याच्या होत्या? तपासून कळेल का?"

"नाही. कालवल्यावर नाही कळत."

"म्हणजे आमच्या सगळ्यांच्या," रायचेल म्हणाली.

तिच्यामागच्या एकोणीस जणींनी माना खाली घातल्या. टीचरांना वाटलं, या आता उठून जातील. पण रायचेल पुढे सरकली आणि तो लाल शाईचा कागद तिने आपल्या काळ्या बोटांनी त्यांच्यासमोर सरळ केला.

"ती ओळ परत घाला. पण नुसती घालू नका. 'देऊ नये' म्हटलं तर आमच्या बायका ऐकणार नाहीत, देतीलच. का देऊ नये ते लिहा. चेल्लम्माचं लिहा."

"कागदावर रोग्याचं नाव घालता येत नाही," तरकन म्हणाले.

"मग कोणी विश्वास ठेवणार नाही."

तरकनांनी खिशातलं पेन काढून टीचरांपुढे ठेवलं. टीचरांनी लिहायला घेतलं. चाळीस वर्षं फळ्यावर ज्यांची ओळ कधी वाकडी गेली नाही, त्यांनी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचलं, कारण बसलेल्यांतल्या निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं.

"आपली गोळी कोणाला देऊ नका. पाकिटात तुमच्या नावाने काय लिहिलंय, ते बघून डॉक्टर पुढचं औषध ठरवतात. काजूच्या शेडमधल्या चेल्लम्माला तिच्या मैत्रिणींनी मायेने आपल्यातल्या गोळ्या दिल्या, आणि त्यामुळे ती गेली."

 रायचेलने डोळे मिटले होते.

"परत वाचा," ती म्हणाली.

टीचरांनी परत वाचलं.